धबधबा बघितला म्हणजे मोले बघितलं असं नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी फोंड्याची, एका पतपेढीत नोकरी करते, पेपरला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, त्यामुळे काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या. पण गेलं वर्षभर एक विषय डोक्यात घोळतोय आणि आता शाळांच्या सहली ठरायचे दिवस आलेत म्हणून लिहूनच टाकते.

गेल्या डिसेंबरात माझ्या मुलाच्या शाळेची सहल मोलेला, म्हणजे गोव्याच्या घाटाकडच्या राष्ट्रीय उद्यानात, गेली होती, तो तेव्हा सहावीत होता. घरी आल्यावर मी विचारलं काय काय बघितलंस, तर म्हणाला दूधसागर बघितला, माकडं बघितली, आणि लाइनीत उभं राहून पाय दुखले. पुढे विचारलं तर कळलं की कुळ्याला जीपसाठी दोन अडीच तास थांबले, मग जीपमधून नदी ओलांडून धबधब्यापर्यंत, तिथे लाइफ जॅकेट घालून थोडा वेळ, फोटो, आणि परत. जंगल कसं होतं रे विचारलं तर म्हणाला, "आई जंगल जीपमधून दिसलं, धूळ होती खूप." मला त्याचं वाईट वाटलं, आणि शाळेला तरी काय बोलणार, सगळ्याच शाळा असंच नेतात, आम्ही मोठी माणसं तरी दुसरं काय करतो. पाहुणे आले की दूधसागर, मुंबईची मंडळी आली की दूधसागर. मी स्वतः लहानपणापासून बेळगावला जाताना मोलेच्या चेकनाक्यावरून किती वेळा गेले असेन त्याचा हिशोब नाही पण गाडीतून उतरून त्या रानात दहा पावलं चालले नव्हते.

मग घरात ठरलं की वर्षभर महिन्यातला एक रविवार काढायचा आणि आपल्या गोव्याचं जे काही राखीव रान आहे ते नीट बघायचं, चालत, घाई न करता. मी, मुलगा आणि माझे सासरे. सासऱ्यांचं वय सत्तरच्या पुढे पण चालायला आम्हाला मागे टाकतात.

आधी थोडी माहिती, कारण ही मलाही नव्हती आणि ऑफिसात विचारलं तर कोणालाच नव्हती. गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. सगळं मिळून साधारण ७५५ चौरस किलोमीटर, आणि आपला अख्खा गोवा ३७०२ चौरस किलोमीटरचा, म्हणजे पाचवा हिस्सा झाला की! आपण जगभर गोवा म्हणजे समुद्र, बीच असंच सांगत फिरतो. राष्ट्रीय उद्यान एकच, ते मोलेचं, १०७ चौरस किलोमीटर, भगवान महावीर अभयारण्याच्या २४० चौरस किलोमीटरच्या पोटात, १९७८ साली झालेलं. उत्तरेला सत्तरीतलं म्हादई, मग हे मोले, मग सांग्यातलं नेत्रावळी, आणि खाली काणकोणात खोतीगाव, हे चारही एकमेकांना लागून घाटाच्या कडेने उभे आहेत, भिंत घातल्यासारखे. म्हादई आणि नेत्रावळी तर १९९९ साली राष्ट्रपती राजवटीच्या काळात जाहीर झाली, नाहीतर कधी झाली असती देव जाणे. उरलं बोंडला, ते छोटं, प्राणी पिंजऱ्यात असल्यामुळे मुलं तिथे जाऊन आलेली असतातच, आणि चोडणचं पक्षी अभयारण्य.

सुरुवात आम्ही चोडणपासूनच केली कारण जवळ. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे, उतरलं की लगेच. डॉक्टर सलीम अलींचं नाव दिलेलं हे अभयारण्य फक्त १.७८ चौरस किलोमीटर आहे, १९८८ साली झालेलं. भरतीच्या वेळी होडीने आत जाता येतं. आम्ही गेलो तेव्हा पाणी उतरत होतं त्यामुळे होडी मिळाली नाही, मला वाटलं फेरी फुकट गेली, पण सासरे म्हणाले थांबा जरा इथेच. चिखलाच्या कडेला उकिडवे बसलो आम्ही तिघं. दोन मिनिटं काहीच नाही. मग चिखल हलायला लागला. निवटे! मासे, पण चिखलावर चालतायत, पुढच्या परांवर रेटून रेटून, मध्येच टुणकन उडी, डोळे डोक्यावर आलेले बेडकासारखे. बाजूला ते छोटे खेकडे, एक डांगा अंगाएवढा मोठा, तो वर खाली हलवत जणू कोणाला तरी बोलावतायत. मुलगा अर्धा तास तिथून उठला नाही. आणि खारफुटीची मुळं, चिखलातून सरळ वर आलेली, पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी हजारो. सासऱ्यांनी सांगितलं की या चिखलात हवा नसते म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

फेब्रुवारीत तांबडी सुर्ला. देऊळ सगळ्यांना माहीत आहे, कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं महादेवाचं, नंदी, कोरीवकाम, सगळे फोटो काढतात आणि परत गाडीत बसतात. आम्ही देवळामागच्या व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठाने आत गेलो, सोबत गावातले एक काका होते. मोठमोठे ऐन, साल मगरीच्या पाठीसारखी खवल्याखवल्याची. काका मध्येच थांबले आणि बोट ओठावर ठेवलं. पलीकडच्या उतारावर गवा. एक नाही, चार. आपल्या राज्याचा प्राणी आहे हा, सरकारी भिंतींवर चित्र बघितलेलं, पण समोर तो काळाभोर डोंगर आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, नाकातून फुस्स आवाज, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आम्ही हललो नाही. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि आरामात निघून गेले. मुलगा नंतर म्हणाला आई मला वाटलं माझं हार्ट बाहेर ऐकू येतंय.

आणि त्याच दिवशी तो प्रसंग घडला ज्यामुळे मला राग आला. परत येताना व्हाळावर दहा बारा जणांचा ग्रुप, भला मोठा ब्लूटूथ स्पीकर, बाटल्या दगडांवर, थर्माकोलच्या प्लेटा पाण्यात. काकांनी हात जोडून सांगितलं आवाज कमी करा, तर त्यातला एक म्हणाला तू कोण सांगणारा, आम्ही पैसे देऊन आलोय. काका गप्प झाले. साठीचा माणूस, जन्म गेला त्या रानात, आणि त्याला सांगायचा अधिकार नाही! वाटेत मी त्यांना विचारलं तुम्ही गाईड म्हणून नाव का नोंदवत नाही, तर म्हणाले, "आमकां कोण विचारता गो बाय." हे ऐकून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मार्चमध्ये सत्तरीत गेलो, बांबरला, निरंकाराची राय बघायला. ही देवराई आहे, आणि नुसती देवराई नाही, आत दलदल आहे आणि त्या दलदलीत रानटी जायफळाच्या जातीची झाडं उभी आहेत. अशा जागा आता पश्चिम घाटात फार थोड्या राहिल्यात. बाहेर ऊन भाजत होतं आणि आत पाऊल टाकलं तर एकदम गार, ओल्या पानांचा वास, पायाखाली मऊ. गावातला एक जण पुढे चालत होता, मी एका जागी पाय टाकायला गेले तर ओरडला, "हळू चल गो बाय, थंय जमीन ना, उदक आसा!" खरंच, वर पानं आणि खाली पाणी. आणि मुळं! जमिनीतून वर येऊन परत वाकून जमिनीत जाणारी, माणूस गुडघे वर करून बसला की कसे गुडघे दिसतात तशी, एकामागे एक, हातभर उंचीची. मी नुसती बघत राहिले, आणि माझा मुलगा, सहावीतला, कोणी न सांगता म्हणाला, "आजोबा, हे चोडणसारखंच ना? इथे पण चिखलात हवा नाही म्हणून मुळं वर आलीत!"

संपादक साहेब, मी पत्र लिहितेय ते या एका वाक्यासाठी. तिथे खारं पाणी, इथे गोडं. तिथे समुद्राची भरती, इथे डोंगरातली झर. झाडं वेगळी, कुळं वेगळी, अडचण एकच, आणि दोघांनी उपाय पण एकच काढला. हे कोणी फळ्यावर लिहून दिलं नव्हतं, पोराला ते स्वतःला दिसलं, कारण त्याने दोन्ही जागा पायाने बघितल्या, दोन्ही ठिकाणी खाली बसून बघितल्या. जीपमधून हे दिसलं असतं का?

आणि अजून एक, ही राय टिकली कशामुळे तर निरंकार देवामुळे, तिथली काठी सुद्धा कोणी तोडत नाही म्हणून. कायदा आला नंतर. सत्तरीत सांग्यात वाघालासुद्धा देव मानणारे लोक आहेत. आणि त्याच सत्तरीत जानेवारी २०२० मध्ये चार वाघ मेलेले सापडले, एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं, विष घातलेलं. देव मानणाऱ्यांच्या गावात हे का झालं असेल याचा विचार करताना मला त्या काकांचं "आमकां कोण विचारता" आठवतं. गुरं गेली तर भरपाईसाठी खेटे, काजूच्या बागायतीचं काय होणार ते माहीत नाही, वनहक्काचे दावे लटकलेले, आणि पर्यटकांचे पैसे कुठेतरी दुसरीकडेच. विष घालणं चूकच, त्याला माफी नाही, पण गावातल्या माणसाला रान राखून दोन पैसे सुटले पाहिजेत हे पण तेवढंच खरं. जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं तेव्हापासून बाजूने आणि विरोधात भांडणं चालूच आहेत, त्यात मी पडत नाही, पण वाघ असला काय नि नसला काय, त्या रानात बाहेरच्या माणसाला घेऊन जायचा पहिला मान आणि पहिली कमाई तिथल्या गावाची असली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

दुसरीकडे हे होतंय की. माझी नणंद नागपूरला असते, तिच्यासोबत ताडोबाला गेले होते, तिथे गाडीत गावातला गाईड असल्याशिवाय आत सोडत नाहीत, आणि तो पोरगा पावलांचे ठसे बघून सांगत होता वाघीण इथून पहाटे गेली. साताऱ्याचं कास पठार घ्या, फुलांच्या सीझनमध्ये आजूबाजूच्या गावांच्या समित्या सगळं बघतात, बुकिंग, पार्किंग, फुलांमध्ये कोणी लोळत नाही ना ते बघणं. आपल्याकडे नेमकं काय कमी आहे?

पठारावरून आठवलं. पावसाळ्यात अभयारण्यातल्या धबधब्यांवर जाऊ नये, दरवर्षी कोणी ना कोणी बुडतं, म्हणून आम्ही ऑगस्टमध्ये चोर्ला घाटाने वर सुर्ल गावाकडे गेलो (हे सत्तरीतलं सुर्ल, तांबडी सुर्ला वेगळं, माझ्या मिस्टरांचा पण घोळ झाला होता). तिथला सडा, म्हणजे दगडी पठार, उन्हाळ्यात बघितलात तर म्हणाल काय आहे इथे, काळा जांभा दगड, उजाड, गवत जळलेलं. बरेच लोक सड्याला पडीक जमीनच समजतात. पावसाळ्यात तोच सडा बघा! दगडाच्या खळग्याखळग्यात पाणी, त्यात सीतेची आसवं, जांभळी इवली इवली फुलं वाऱ्यावर हलणारी, आणि गेंदाची पांढरी बोंडं सांडलेल्या साबुदाण्यासारखी, तेरडा तर सगळीकडे. सीतेची आसवं ही वनस्पती किडे खाते हे वाचल्यावर मुलगा पालथा पडून बघत बसला, कपड्यांचं काय झालं ते विचारू नका. जांभा हा सच्छिद्र दगड, पाऊस पितो आणि नंतर हळूहळू खालच्या झरींना सोडतो, म्हणून घाटाखालच्या कुळागरांना (सुपारीच्या बागांना) उन्हाळ्यात पाणी. धुकं इतकं की चार हातांवरचे सासरे दिसत नव्हते, नुसता खोकला ऐकू येत होता.

पाण्याचं अजून एक सांगते. आमच्या फोंड्याला आणि तिसवाडीला जे पाणी येतं ते ओपाहून येतं, खांडेपार नदीवरून. आणि ही खांडेपार म्हणजे वरची दूधसागरचीच नदी, घाटातून ३१० मीटर खाली उडी मारून आलेली. म्हणजे सकाळी मी चहाला जे आधण ठेवते ते मोलेच्या रानातून गाळून आलेलं पाणी आहे! इतकी वर्षं ही गोष्ट मला कोणी सांगितली नाही, मी कोणाला विचारलीही नाही. मडगावकडे पाणी साळावलीचं, त्या धरणाच्या वर नेत्रावळीचं रान. आता कोणी म्हणालं की जंगलाशी आमचा काय संबंध तर मी त्यांना नळ दाखवते.

नेत्रावळीला आम्ही बुडबुड्यांची तळी बघितली, गोपीनाथाच्या देवळाजवळची, टाळी वाजवली की बुडबुडे जास्त येतात म्हणतात, आम्ही पण भरपूर टाळ्या वाजवल्या. खोतीगावला या महिन्यात गेलो, तिथे मला सगळ्यात बरं वाटलं कारण तिथे पायवाटा आहेत, झाडावर मचाण आहे, पाट्या आहेत, गर्दी नाही. धनेश दिसला तिथे, आधी आवाज, पंखांचा, आगगाडी लांबून येते तसा घूंघूं, मग तो. सासरे म्हणाले याची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला महिनोन्महिने फळं आणून भरवतो. नर मेला तर आतलं कुटुंबच संकटात.

आता मुद्द्याचं. २०२० मध्ये रेल्वेचं दुपदरीकरण, हायवे आणि वीजवाहिनी असे तीन प्रकल्प मोलेतून जाणार म्हटल्यावर गोव्याची तरुण पोरं उठली, चित्रं काढली, गाणी म्हटली, कोर्टात गेली, आणि मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव परवानगी रद्द केली. मला त्या पोरांचा फार अभिमान आहे. पण खरं सांगते, त्यावेळी मी घरात बसून टीव्ही बघत होते कारण मोले म्हणजे नक्की काय वाचवायचंय तेच मला माहीत नव्हतं, मला वाटायचं धबधबा तर आहे तिथेच आहे. माझ्यासारख्या हजारो बायका, पुरुष गोव्यात असतील. आणि आपण पुढची पिढी पण तशीच तयार करतोय, जीपच्या लाइनीत उभी करून.

म्हणून माझं शाळांना, पालकांना आणि वनखात्यालाही कळकळीचं सांगणं आहे. दूधसागरला जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही, जीपवाल्यांची पण घरं त्यावर चालतात, आणि धबधबा आहेच तसा सुंदर. पण सहल म्हटली की तेवढंच नको. वीस पंचवीस मुलांचे छोटे गट करा, दोनशे मुलं चार बसमधून एकदम नका नेऊ, इतकी मुलं एकदम आत गेली की एक पक्षी दिसणार नाही. पाचवीला चोडणचा चिखल दाखवा, ओहोटीचं टाइमटेबल बघून जा, जवळ आहे. सातवीला तांबडी सुर्ल्याचं रान, नववीला खोतीगाव नाहीतर नेत्रावळी. बांबरची राय फार नाजूक आहे, तिथे शाळा नेऊ नका, चार पाच जणांनी गावाला विचारून जावं. गावातल्या माणसाला सोबत घ्या आणि त्याला नीट पैसे द्या, चहापाण्यावर बोळवण नको. वनखात्याने अशा माणसांना ओळखपत्र द्यावं, एक साधं जॅकेट द्यावं, म्हणजे स्पीकर बंद करा सांगितलं तर कोणी "तू कोण" विचारणार नाही. आणि पाट्या! बऱ्याच ठिकाणी पाटी आहे ती इंग्रजीत, झाडाचं लॅटिन नाव आणि बाकी काही नाही. मराठीत, कोंकणीत लिहा ना, या झाडाला आमच्या गावात काय म्हणतात, त्याचा काय उपयोग करतात, कुठला पक्षी त्याचं फळ खातो. गावातल्या एखाद्या आजीला विचारलं तर दिवसभर सांगेल.

खर्चाचं म्हणाल तर आमचा तिघांचा सगळ्यात महागडा रविवार होता तो पेट्रोल, प्रवेश फी, काकांचे पैसे आणि वाटेत भजी पाव धरून शाळेने त्या जीपच्या सहलीसाठी एका मुलामागे घेतलेल्या पैशांपेक्षा थोडाच जास्त झाला.

माझ्या मुलाची वही आहे, शंभर पानी, त्यात त्याने बघितलेलं सगळं लिहिलंय आणि चित्रं काढलीत, निवट्याचं चित्र फार सुरेख आलंय. त्याच्या शाळेत परवा पालकांची मिटिंग आहे, सहलीचा विषय आहेच, मी ती वही घेऊन जाणार आहे. तांबडी सुर्ल्याच्या काकांशी फोनवर बोलून ठेवलंय, ते म्हणाले पंचवीस मुलं असतील तर मी आणि माझा पुतण्या दोघं येतो, फक्त आठ दिवस आधी कळवा आणि मुलांना लाल पिवळे भडक कपडे घालून पाठवू नका.

आपली नम्र,
एक वाचक, फोंडा